भागोजीचा धरलेला श्वास

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर माणूस दिसत नाही. दिसतात त्या फक्त पोफळी. सरळ, सडसडीत, एकीला एक लागून उभ्या, आणि त्यांच्या शेंड्यांवर जानेवारीच्या सकाळचं पिवळं ऊन. डाव्या बाजूला विहीर. उजव्या बाजूला घराची पडवी, तिथे एक म्हातारा नट चहाचा पेला घेऊन बसलेला. समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. मग वरून, पन्नास फुटांवरून, सुपारीचा घड दोरावरून सरसरत खाली येतो, आणि प्रेक्षकांना कळतं की नायक वर आहे.

म्हातारा नट मी. नायक भागोजी, वय अठ्ठावन्न. आतल्या डोंगराकडच्या गावचा कुणबी. भातशेतीवर भागेना म्हणून लग्नानंतर सासऱ्याबरोबर दिवेआगरच्या वाड्यांमध्ये उतरला आणि पोफळी-माडांवर चढायला शिकला. मी नाटकं आणि दौरे सोडून वडिलांच्या या वाडीत परत आलो त्याला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत माझी एकही सुपारी दुसऱ्या कुणाच्या हातून उतरली नाही.

पोफळीवर चढणारा माणूस प्रत्येक झाडाला खाली उतरत बसत नाही. शेंड्याशी जाऊन तो झाडाला झोका देतो, झाड वाकतं, शेजारची पोफळ हाताशी आली की तिला मिठी मारून तो पलीकडे जातो. भागोजीच्या सासऱ्याने त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. वर असताना तोंड उघडायचं नाही, आणि झाड बदलताना श्वास धरायचा, म्हणजे अंग हलकं राहतं आणि झाड ढळत नाही. तिसरी गोष्ट खाली असलेल्यांसाठी होती. वरच्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. दचकला तर हात सुटेल. आमच्या वाड्यांमध्ये हे लहान पोरांनाही माहीत असतं.

त्या सकाळी भागोजी मधल्या ओळीत होता. एका झाडाला झोका दिला, आणि मध्येच थांबला. झोका हळूहळू विरला. तो खोडाला छाती टेकून तसाच राहिला. कोयता कमरेच्या आकडीला लटकत होता. मी पेला खाली ठेवला आणि वर बघत बसलो. काहीतरी बिनसलंय हे मला दिसत होतं. रंगभूमीवर समोरचा नट वाक्य विसरला की त्याच्या खांद्यांवरून कळतं, तसं कळत होतं. पण हाक मारायची नाही म्हणून मी गप्प राहिलो, आणि बोलायचं नाही म्हणून तोही गप्प राहिला.

थोड्या वेळाने त्याने परत झोका घेतला. आणखी तीन झाडं केली. मग खाली आला तेव्हा त्याचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा होता.

“काय रे झालं?”

“काय न्हाय. वारा भरला अंगात.”

तांब्याभर पाणी प्यायला आणि चालत घरी गेला. दुपारी त्याची बायको रंगू वाडीच्या बेड्यातून, बांबूच्या फाटकातून, धावत आली. त्याला पनवेलकडच्या एका मोठ्या इस्पितळात न्यायला संध्याकाळ झाली. हृदयाची एक वाहिनी बंद पडली होती. आत जाळीची नळी घालून ती उघडली. डॉक्टर रंगूला म्हणाले, सात तास उशीर केलात, हृदयाचा थोडा भाग दुबळा झालाय.

भागोजी परत आला तो दुसराच कुणी होऊन. माणूस तोच, अंगकाठी तीच, हातांचे स्नायू वळलेल्या सुंभासारखे. पण ओट्याच्या तीन पायऱ्या उतरताना तो भिंत धरायचा. चप्पल घालायला वाकायचा नाही, रंगू घालायची. हसायचा नाही. उजव्या हाताची बोटं कायम डाव्या मनगटावर, नाडी शोधत. मी बोलत असलो तरी त्याचं लक्ष तिथेच.

“नाना, ही जी आत नळी हाय, ती जोरात खोकलो तर सरकंल काय?”

“नाही रे, ती पक्की बसलेली असते.”

“तुमी बघितली हाय?”

मी कुठून बघणार?

“मग कशाला सांगता,” तो म्हणाला.

रंगूने मला बाजूला घेऊन सांगितलं की तो आता पाण्याची कळशीही उचलत नाही. डॉक्टरांनी तर सांगितलंय की व्यायाम केलाच पाहिजे, बसून राहिलात तर दुबळं झालेलं हृदय आणखी दुबळं होईल. भागोजीने ते ओट्यावरून ऐकलं.

“बसलो तर मरतोय,” तो म्हणाला, “आनी हललो तर मरतोय. तुमीच सांगा कसं मरू.”

हे त्याने थट्टेने म्हटलं नव्हतं. त्याला खरोखर कुणीतरी सांगायला हवं होतं.

सांगणारा घरातच सापडला. रंगूच्या चुलतबहिणीचा मुलगा अल्पेश. दोन वर्षं नवी मुंबईत एका जिममध्ये कामाला होता. तिथून एक प्रमाणपत्र घेऊन परत आला आणि बापाची सुपारी वाळवायची जुनी शेड साफ करून तिथे जिम काढली. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात वाड्या आडव्या झाल्यावर सुपारी निम्म्यावर आली, शेड रिकामीच होती. भिंतीला आरसे, छताला निळे दिवे, दिवसभर गाणी. पोरगा मनाने लाख. रंगूचा फोन गेल्यावर अर्ध्या तासात दारात हजर.

“मावशी, टेन्शन नको घेऊ. मी हाय ना. काकांना फुल फिट करून देतो.” मग भागोजीच्या दंडाला हात लावून हसला. “अरे काका, तुमी तर ऑलरेडी फिट हायत. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना असे हात मिळायला दोन वर्षं लागतात.”

त्या हातांनी आम्हा सगळ्यांनाच फसवलं. माडावर चढणाऱ्याचं शरीर बाहेरून बघून आत काय चाललंय ते कळत नाही. मलाही वाटलं, एवढा दणकट माणूस, थोडा घाम काढला की भीती निघून जाईल. आणि घरचा पोरगा मदतीला आला असताना बाहेरच्या कुणाला विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. आमच्याकडे डॉक्टर बदलताना कुणी नात्याचा विचार करत नाही, पण व्यायाम शिकवणारा म्हटलं की तो घरचाच बरा वाटतो. व्यायामाने कुणाचं काय बिघडणार?

मी रोज सकाळी भागोजीला सोबत म्हणून शेडमध्ये जाऊन बसायचो. पहिले तीन दिवस हात वर, हात खाली, जागच्या जागी चालणं. भागोजीला घाम यायचा तो श्रमाचा नव्हता. तळहात गार असायचे.

चौथ्या दिवशी अल्पेशने त्याला एका यंत्राखाली बसवलं. वर दांडा, दांड्याला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला वजनं. दांडा धरून खाली ओढायचा.

“हलकंच लावलंय काका. बारा वेळा.”

भागोजीने वर बघितलं. डोक्यावर दोर पाहिला. मला दिसलं की त्याचे पाय आपोआप एकमेकांजवळ आले, खोडाला धरावेत तसे. त्याने ओठ मिटले. दांडा धरला आणि ओढू लागला. अल्पेश मोजत होता, तोही खुश झाला, कारण भागोजी न थांबता, तोंडातून आवाज न काढता ओढत होता. सात. आठ. भागोजीच्या मानेच्या शिरा फुगल्या. नऊ. चेहरा काळपट लाल झाला. त्याने पहिल्या ओढीपासून श्वासच घेतला नव्हता. हे मला आज कळतं. त्या वेळी मी मनात टाळ्या वाजवत होतो.

दहाव्याला दांडा सुटून वर गेला, वजनं धाडकन आदळली आणि भागोजी बाकावरून एका कुशीवर पडला. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं.

गाणं चालूच होतं. अल्पेश आधी गाण्याकडे धावला, मग भागोजीकडे, मग पाण्याच्या बाटलीकडे. “काका. काका. उठा ना.” त्याने फोन काढला, आणि कुणाला लावायचा ते त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी आयुष्यभर रंगमंचावर मरणारी माणसं पाहिली, स्वतःही मेलो, आणि त्या शेडमध्ये मी हात जोडून उभा होतो. भागोजीच्या खिशात गोळ्यांची डबी होती, तिच्यात कसली गोळी आहे ते आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

मिनिटभराने भागोजीच्या छातीने मोठा श्वास ओढला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. विहिरीतून भरलेली घागर वर येताना होतो तसा.

वाटेत घरून रंगूला घेतलं आणि अल्पेशच्याच गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली तरुण डॉक्टरीण जागृती, तिने हृदयाच्या आलेखाची पट्टी काढली, रक्तदाब पाहिला. झटका नव्हता. श्वास कोंडून जोर लावल्याने आणि नव्या गोळ्यांमुळे रक्तदाब घसरला होता.

“इस्पितळाचे कागद कुठायत?” तिने विचारलं.

रंगूने पिशवी पुढे केली. घरी खिळ्याला रेशनकार्डाबरोबर अडकवून ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी, पहिल्या दिवसापासून न उघडलेली. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं, कारण खोलीत इंग्रजी वाचता येणारा म्हातारा मीच होतो.

“इथे स्पष्ट लिहिलंय. व्यायाम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, हृदयाच्या रुग्णांचा अनुभव असलेल्या. वजन उचलणं सध्या नाही. हे शिकवणाऱ्याला दाखवलं होतं?”

अल्पेश दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली. पण मान मी खाली घालायला हवी होती. मी सव्वीस वर्षं भागोजीच्या जिवावर सुपारी विकली आणि दोन पानांचा कागद मागून वाचला नाही.

“घाबरून व्यायाम सोडू नका,” ती भागोजीला म्हणाली. “माणूस बदला. काय शिकलाय ते विचारा. तुमच्या डॉक्टरशी बोलायची त्याची तयारी आहे का बघा. आणि काही झालं तर तो काय करणार, हे आधी विचारा, नंतर नाही.”

पुढचे पंधरा दिवस भागोजी ओट्यावरून उठला नाही. आता तर त्याच्याजवळ पुरावा होता. हललो आणि मेलो होतो, असं तो म्हणायचा. अंघोळीचं पाणीही रंगूने अंगावर ओतायचं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं. अल्पेश रोज येऊन अंगणात उभा राहायचा आणि आत यायचा नाही.

मी फोनाफोनी केली. एका रिसॉर्टमध्ये पर्यटकांना योगासनं शिकवणारे एक गृहस्थ होते, त्यांचा नंबर मिळवला. फोन भागोजीला दिला. मला वाटलं, तो वेळ विचारेल, अंतर विचारेल. त्याने एकच प्रश्न विचारला.

“साहेब, तुमी कुठल्या मानसाला शिकवत न्हाय?”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “काका, आपण कुणाला नाही म्हणत नाही. सगळ्यांना चालतं हे. बिनधास्त या.”

भागोजीने फोन माझ्या हातात परत दिला.

“अरे, भला माणूस वाटतोय,” मी म्हटलं.

“असंल भला. नाना, माझ्याकडं चढायला शिकायला पोरं येतात, तवा मी त्यांना काय विचारतो? कुठल्या झाडावर चढनार न्हाय ते सांग. जो म्हनतो मी सगळ्यावर चढतो, त्याला मी घरी धाडतो. किडलेली पोफळ वरून हिरवीच दिसते. ज्याला न्हाय म्हनता येत न्हाय तो खाली येतो, पन पायांवर न्हाय.”

दीड महिन्यात तो पहिल्यांदाच एवढं सलग बोलला होता. आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की भीतीने त्याची अक्कल गेली नव्हती. आम्हीच त्याला विचारत नव्हतो.

डॉक्टरीणबाईंनीच मग विनिताचं नाव सांगितलं. फिजिओथेरपिस्ट, मुंबईत सहा वर्षं हृदयरोग्यांच्या विभागात काम केलेली, आता माणगावला असते, आणि दर गुरुवारी बोर्लीला एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसते. आम्ही गुरुवारी रिक्षाने गेलो. भागोजी, रंगू आणि मी.

खोलीला जायला बाहेरून जिना होता. चौदा पायऱ्या, लोखंडी कठडा. भागोजीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर बघितलं. मी त्याच्या बाजूला होतो. त्याच्या कानामागून घामाची धार निघाली. साठ फुटी माडावर पावसातही चढलेला माणूस त्या चौदा पायऱ्यांखाली कठडा धरून उभा होता.

“चला ना,” रंगू म्हणाली. “लोक बघतायत.”

“बघूं दे. मी न्हाय चढत. परत चला.”

“परत चला म्हने. रिक्षा कोन तुझा बाप ठेवून गेलाय?”

वरून दार उघडलं. पस्तिशीची बाई, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात वही. तिने खाली पाहिलं, आणि “या वर” असं म्हणाली नाही. आत जाऊन एक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन ती स्वतःच जिना उतरून आली. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर भागोजीला बसवलं, समोर स्टुलावर आपण बसली.

“जिना तुम्ही चढायचा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही,” ती म्हणाली. “कागद आणलेत?”

तिने कागद वाचले. दोनदा. प्रत्येक गोळी हातात घेऊन विचारली. जिभेखाली ठेवायची गोळी कुठली ते भागोजीला, रंगूला आणि मलाही ओळखायला लावलं. दुखायला लागलं तेव्हा नेमकं कुठे, कसं, किती वेळ. चक्कर कधी आली. किती पायऱ्या चढता येतात. झोप लागते का. अर्धा तास नुसते प्रश्न. भागोजीने शेवटी आपला एक विचारला.

“मॅडम, तुमी कुठल्या मानसाला व्यायाम देत न्हाय?”

“ताप असलेल्याला. छातीत नव्याने दुखायला लागलेल्याला. रक्तदाब फार वर किंवा फार खाली असेल त्याला. कागद न आणणाऱ्याला.” तिने वही मिटली. “आणि आज तुम्हाला.”

रंगूचं तोंड उघडं राहिलं. “अवं, एवढ्या लांबून आलो.”

“त्यांच्या हृदयाची ताकद किती उरलीय ते यात लिहिलेलं नाही, रंगूताई. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करते. ते सांगतील तेव्हा सुरू करू. तोवर घरातल्या घरात चाला, एवढंच.”

परतताना रिक्षात रंगू फणफणत होती. भागोजी बाहेर बघत होता. “हिच्याकडं येनार,” तो म्हणाला. “हिला न्हाय म्हनता येतं.”

पुढच्या गुरुवारी तिने डॉक्टरांशी बोलल्याचं सांगितलं, काय बोलणं झालं तेही. मग म्हणाली, “काका, तुम्ही चढता कसे ते दाखवा. चढू नका, नुसतं दाखवा.” दुकानासमोरच्या खांबाला भागोजीने मिठी मारली, पाय जुळवले, शेजारची पोफळ धरल्यासारखा हात लांब केला. ती त्याच्या हातांकडे बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या बरगड्यांवर होती.

“थांबा. श्वास कुठाय?”

“धरलाय.”

“कुणी शिकवलं?”

“सासऱ्यानं. मेला तो.”

“धरून धरूनच मेला असंल,” रंगू म्हणाली, “माझा बाप कधी मोठ्यानं शिंकला न्हाय.”

विनिता हसली, पण लगेच गंभीर झाली. तिने सांगितलं की श्वास कोंडून जोर लावला की छातीत दाब वाढतो, रक्तदाब आधी चढतो आणि मग पडतो. धडधाकट असताना भागोजीच्या हृदयाने तीस वर्षं ते सोसलं, आता सोसणार नाही. जिममध्ये तेच झालं. पहिलं काम श्वास सोडायला शिकणं. आणि त्याला सोपी परीक्षा म्हणजे बोलणं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं की वेग बरोबर. वाक्य तुटलं की हळू व्हायचं. बोलणं बंद पडलं की थांबायचं.

“मी काय बोलू?” भागोजीने विचारलं. “मला बोलायची सवय न्हाय.”

“काहीही. शिव्या द्या.”

“मला सोडून,” रंगू म्हणाली.

“आणि दुखलं, जडावलं, घाबरायला झालं, तर ते त्याच क्षणी मोठ्याने सांगायचं. मनात ठेवायचं नाही. हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, काका.”

त्या दिवशी तो तिचा हात मनगटावर आणि बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावून चार पायऱ्या चढला, बोलत बोलत. चार पायऱ्या, आणि खाली येऊन पाच मिनिटं बसून राहिला. तिने घाई केली नाही.

मार्च सुरू झाला. रोज सकाळी आम्ही दोघं चालायला निघू लागलो. मला वाटलं, बोलायचं काम माझ्याकडे येईल. पण तिने ते भागोजीलाच दिलं होतं. पहिल्या दिवशी तो नुसता आकडे मोजत चालला. दुसऱ्या दिवशी गावातल्या रस्त्याने जाताना एका रिकाम्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, “हितं तीन पोफळी होत्या. वादळात गेल्या.” मग पुढे, “हा माड वाकडा होता, मला घाबरायचा.” मग रोज तेच. वादळात पडलेलं एकेक झाड तो उभं करत चालायचा. कोण किती उंच, कुणाच्या शेंड्यात मधमाश्या, कुठलं झाड झोका घेताना कुरकुरायचं. मी असा एकपात्री प्रयोग आयुष्यात ऐकला नव्हता. भीती गेली नव्हती. प्रत्येक वाक्यानंतर बोटं मनगटाकडे जायचीच. पण वाक्यं लांबत होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा किनाऱ्यापर्यंत गेलो. ओहोटी होती, वाळू घट्ट. भागोजी एका माडाची गोष्ट सांगत होता, ज्याच्यावर त्याने वीस वर्षांपूर्वी साप पाहिला. “तर मी शेंड्याला हात घातला आनी…”

वाक्य तिथे थांबलं.

मी दोन पावलं पुढे गेलो होतो. वळून पाहिलं. तो उभा होता, ओठ मिटलेले, उजवा हात छातीच्या मधोमध. खांदे तसेच, जानेवारीतल्या त्या सकाळसारखे. मला सगळं कळलं आणि माझी जीभ हलेना. सव्वीस वर्षांची सवय. हा माणूस असा थांबला की आपण बोलायचं नाही. समुद्र मागे होता, किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि आम्ही दोघंही गप्प. किती वेळ गेला कोण जाणे, दहा सेकंद असतील. मी स्वतःला आतून ढकलत होतो, ओरड, ओरड.

भागोजीचे ओठ उघडले. त्याने आधी श्वास सोडला, फुंकर घातल्यासारखा.

“नाना,” तो म्हणाला. “दुखतंय. हाताकडं चाललंय. मी बसतो. गोळी द्या.”

तो वाळूवर बसला. मी डबी उघडली. घाईत दोन गोळ्या वाळूत पडल्या, तिसरी त्याच्या जिभेखाली गेली. एकशे आठला फोन लावला, विनिताने सांगितलं होतं तसं आधी जागा सांगितली, मग वय, मग आजार. गाडी यायला अर्धा तास लागेल म्हणाले. अल्पेशला फोन केला. तो चार मिनिटांत वाळूपर्यंत गाडी घेऊन आला. वाटेत रुग्णवाहिका भेटेपर्यंत तो आरशातून भागोजीकडे बघत राहिला. भागोजी बोलत होता. “आता कमी हाय. आता परत वाढलं. डावा हात जड हाय.” तोंड पांढरं, डोळे विस्फारलेले, भीतीने माझं मनगट इतकं आवळलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. पण तो सांगत होता.

दुसरी एक वाहिनी होती. जवळजवळ बंद. या वेळी डॉक्टर रंगूला म्हणाले की वेळेत आणलंत, नवं नुकसान झालेलं नाही.

भागोजी अकराव्या दिवशी घरी आला. अल्पेशने शेडमधल्या आरशावर एक कागद चिकटवलाय. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी कागद दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. गुरुवारी तो बोर्लीला विनिताकडे जाऊन बसतो, ती शिकवेल ते लिहून घेतो. माझ्या पोफळींवर यंदा दुसरा माणूस चढेल. भागोजीला पुन्हा वर जायची परवानगी विनिता कधी देईल का, हे तिने सांगितलेलं नाही, आणि त्यानेही विचारलेलं नाही.

काल सकाळी तिचा फोन आला. डॉक्टरांनी होकार दिलाय, अंगणातून सुरुवात करा, शंभर पावलं, सोबत कुणीतरी हवं. मी गेलो तेव्हा तो ओट्यावर उभा होता, एक हात खांबाला, दुसरा मनगटावर. तोंडाचं पाणी पळालेलं. रंगू खाली चपला घेऊन उभी. त्याने त्या तिच्या हातातून घेतल्या, खाली ठेवल्या आणि स्वतः पाय सरकवले. मग पहिल्या पायरीशी थांबला. मी त्याला धीर द्यायला म्हणून काहीतरी सुरू केलं, जुन्या दौऱ्यातला एक किस्सा. त्याने हात वर करून मला अडवलं.

“लय भ्याव वाटतंय, नाना,” तो म्हणाला. “तुमी गप ऱ्हावा जरा, आज मला बोलायचं हाय.”